हवेच्या गादीचे मराठी पत्रक

प्रिय,

या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली आहे. ओळख झाली तेव्हा तिथे ‘महोदय’ शोभले असते, नंतर तुझे घरातले लाडके नाव; आज दोन्ही लेखणीतून उतरत नाहीत. तुझा निरोप मी इस्पितळाच्या बाकावर वाचला. “नवीन पलंग आलाय, आपोआप डावी-उजवीकडे कलतो. इंग्रजी पुस्तिका पाठवतोय. तुझ्याशिवाय मराठी कोण करणार, शब्दकोश?” आणि त्याच्याच खाली, एका पिशवीत दोन जिन्नस उरकावेत तसे, “मावशी विचारत होती, तुमच्याकडून लग्नाचं काय ते कळवा म्हणून.” दोन्ही गोष्टींचे उत्तर या एकाच पत्रात देणार आहे. फोनवर माझी जीभ अडते हे तू जाणतोस. “तू बोलतेस की तोंडी परीक्षा देतेस?” असे तूच चिडवायचास. कागदावर मात्र मी अडखळत नाही.

आधी बाबांची खबर. ते पालथे निजून आहेत. हनुवटीखाली दुमडलेला टॉवेल, आणि जग पाहायचे म्हणजे फरशी पाहायची. “जन्मभर छताकडं बघून काम केलं, आता जमिनीची पाहणी चाललीय,” असे ते सिस्टरना म्हणाले. सिस्टर हसल्या, आई खिडकीकडे वळली. गेल्या खेपेस डॉक्टरांनी डाव्या बाजूचे मांस आणि कातडी सरकवून माकडहाडावरचा खड्डा बुजवला होता. ती शिवण उसवली आहे. आता उजव्या बाजूचे घ्यावे लागेल. “त्यानंतर घ्यायला बाजू राहणार नाही,” असे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

तुला सगळे ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिते, कारण या हकिगतीतली काही वाक्ये तू तुझ्या सोयीने लहान करून घेतली आहेस, असा मला दाट संशय आहे. बाबा शिडीवरून पडले तेव्हा एका सभागृहाचे दिवे जोडत होते. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पाय मात्र त्यांचे राहिले नाहीत. “कमरेखालचा फ्यूज उडालाय,” हे त्यांचेच निदान. जिथे जाणीव नाही तिथे दुखत नाही, दुखत नाही म्हणून माणूस हलत नाही, आणि हाड व गादी यांच्या कात्रीत कातडी मरत जाते. आईला प्रथम नाण्याएवढा लाल डाग दिसला. मी डॉक्टरांच्या कागदावरचा शब्द कोशात पाहून तिला ‘शय्याव्रण’ असे सांगितले, तर बाबा पलंगावरून म्हणाले, “वा, राजेरजवाड्यांचा रोग दिसतोय! आमच्यात त्याला पाठ सडली म्हणतात.” डागाचा खड्डा झाला, खड्ड्याची शस्त्रक्रिया झाली, आणि घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “माझं शिवणकाम झालं. ते टिकवायचं काम आता गादीचं आणि तुमचं.”

म्हणून आई आणि मी तुझ्या दुकानात आलो. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मध्ये तुझ्या काचेत मांडलेली चाकांची खुर्ची, जिच्यावर एक मांजर निवांत बसले होते. तू बूट काढून स्वतः पलंगावर आडवा झालास. तुझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते आणि ते दुसऱ्या पायाखाली लपवण्याची तुझी धडपड चालली होती. आई संकोचली. “अहो, तुम्ही कशाला निजता? बरं दिसत नाही.” त्यावर तू म्हणालास, “काकू, निजल्याशिवाय पलंग कळत नाही आणि नांदल्याशिवाय सासर.” आई हसली. बाबा पडल्यापासूनचे ते तिचे पहिले हसू होते, आणि त्याबद्दल मी तुझे मनातल्या मनात किती आभार मानले हे आज लिहिताना माझे मलाच कडू लागते.

त्या दुपारी तू एकेक पलंग दाखवलास. साध्या पलंगावर पसरायची हवेच्या नळ्यांची गादी, जिच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणजे अंगाचा भार एकाच जागी मुक्काम करीत नाही. तिचा पंप म्हाताऱ्या मांजरासारखा घुरघुरतो. दुसरी, त्याच जातीची पण बारीक छिद्रांची. तिच्यातून हवा हलकेच झिरपत राहते आणि पाठीला घामाचा ओलावा धरत नाही. आणि तो प्रचंड हौद! वाळूसारख्या बारीक मण्यांनी भरलेला, खालून गरम हवा सोडली की मणी पाण्यासारखे उकळू लागतात आणि माणूस त्यांच्यावर तरंगतो. मी त्यात हात बुडवला तेव्हा मला हात आहे की नाही तेच कळेना. ताज्या शस्त्रक्रियेला याच्यासारखे दुसरे काही नाही, असे तू म्हणालास, आणि लगेच त्याचे दोषही सांगितलेस. वजन एवढे की आमच्या जुन्या इमारतीची जमीन कुरकुरली असती, त्यात उठून बसता येत नाही, अंगातले पाणी सुकते, वीज गेली की माणूस मण्यांत रुतून बसतो. “काकांना घरी नेताय ना? मग हा नको. छिद्रांची गादी घ्या.” त्या दिवशी तू खरे बोललास. महागडा हौद गळ्यात मारला नाहीस. गादीखाली तळहात सरकवून माकडहाडाखाली पुरेशी हवा आहे की हाड तळाला टेकले आहे हे कसे ओळखायचे, तेही तूच आईला शिकवलेस. तू मुळातच खोटा असतास तर हे पत्र चार ओळींत संपले असते.

मग ती इंग्रजी पुस्तिका आली. आमच्यासारख्या घरांसाठी तिचे मराठी पत्रक करावे ही कल्पना तुझी, आणि ते मी करावे हा आग्रहही तुझाच. शाळेपासून पहिली येत गेलेल्या, परंतु चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला कोणीतरी तिच्या भाषेसाठी शोधत यावे, याहून मोठे आमिष नाही. तू संध्याकाळी यायचास. आपण बाबांच्या पायथ्याशी बसून शब्द घडवायचो. झिरपणाऱ्या हवेसाठी मी ‘अल्पवायुगळती’ असा शब्द केला, तेव्हा बाबा ओरडले, “गळती नको! गिऱ्हाईक प्लंबरला बोलावील.” डोक्याकडची बाजू फार उंच केली की हाड खाली घसरते आणि कातडी वरच अडकते, आतून फाटते, त्याला मी ‘घसरताण’ म्हटले आणि तू टाळी वाजवलीस. त्याच सुमारास ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला. कोणत्या शब्दापाशी झाला ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

एका वाक्यापाशी मात्र आपण अडलो होतो. मी लिहिले होते: “या गादीमुळे रुग्णाला कुशीवर वळवण्याची गरज कमी होते, तरीही ठरावीक वेळाने वळवणे आवश्यकच आहे.” तू म्हणालास, लांबलचक झाले. मी म्हणाले, खरे लांबलचकच आहे. तू मान डोलावलीस, आणि मी ती मान म्हणजे होकार समजले. दुसऱ्या दिवशी माझ्या हस्ताक्षरातली सगळी पाने घेऊन तू छापखान्यात गेलास आणि मी पदवीच्या शेवटच्या परीक्षेसाठी परगावी गेले. छापलेले पत्रक माझ्या दृष्टीस पडले नाही. ते तू पलंगाच्या दांडीला दोरीने बांधून दिलेस, आणि आईला सांगितलेस, “काकू, पोरीनं लिहिलंय बरं का, अक्षर न् अक्षर.”

आता आईविषयी लिहिते, कारण तू तिला रोज पाहिलेस तरी हे तुला ठाऊक नाही. माझी आई शाळेत गेली नाही. मी पहिलीत असताना माझ्या पुस्तकावर माझ्याबरोबर बोट फिरवीत ती वाचायला शिकली. मी पुढे गेले, ती मागून येत राहिली. पिठाच्या पिशवीवरचा मजकूर, बसच्या पाट्या, पुड्यांचे कागद, काही सुटले नाही. ती अजूनही ओठ हलवून वाचते आणि वाक्य संपले की किंचित मान हलवते, कोणाशी बोलणे झाल्यासारखी. छापलेल्या अक्षरावर तिची श्रद्धा अशी की बोललेले बदलते, लिहिलेले खोडता येते, छापलेले मात्र पक्के. तिच्या हातून त्या घरात पहिल्यांदाच असा कागद वाचला जात होता, जो तिच्या मुलीने लिहिला होता आणि तिच्या नवऱ्यासाठी होता. शेजारणीलाही तिने तो मोठ्याने वाचून दाखवला, असे शेजारणीनेच मला सांगितले.

त्या पत्रकात तिने वाचले: “या गादीमुळे रुग्णाला कुशीवर वळवण्याची गरज उरत नाही.” पूर्णविराम.

त्याआधी ती बाबांना नेमाने वळवत असे. सिस्टरने शिकवल्याप्रमाणे पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. वळवताना बाबांच्या खांद्यांतून कळ निघे आणि ते म्हणत, “अगं, माणूस आहे मी, भाकरी नव्हे, सारखी उलथायला!” तिला ते बोलणे हसवी आणि लागेही. मग तिच्या हाती तो कागद आला. तिने तो किती आनंदाने मानला असेल! नवऱ्याला दुखवायचे नाही, आणि मुलीची आज्ञा पाळायची; एका बाईला यापेक्षा अधिक काय हवे? बाबांनी सुरुवातीला विचारलेसुद्धा, “आज वळवायचं नाही का?” त्यावर ती म्हणाली, “गादी करते ते. तुमची लेक काय उगाच लिहील?” मी परीक्षा देऊन घरी पोचले तेव्हा चादरीला वास येत होता आणि आई रुग्णवाहिकेची वाट पाहत दारात उभी होती.

तू धावून आलास. बाबांना स्ट्रेचरवर घेताना तू त्यांच्या कमरेखाली हात घातलास, त्यांचे कपडे सावरलेस, इस्पितळात सगळ्यांच्या आधी पोचलास. आई आजही म्हणते, “सख्खा मुलगा करणार नाही एवढं केलं त्यानं.” त्याच धावपळीत तू आमच्या घराची किल्ली मागून घेतलीस, गादीचा पंप तपासतो म्हणून. आणि पंपाबरोबर दोरीचा कागदही बदललास. चार दिवसांनी आई कपडे न्यायला घरी आली, तिने रिकाम्या पलंगापाशी उभे राहून तो कागद पुन्हा वाचला, आणि तिथे माझे मूळ वाक्य होते. गरज कमी होते. तरीही वळवणे आवश्यकच आहे. तसाच रंग, तशीच अक्षरे, तीच गाठ.

मला हे कसे कळले? तूच सांगितलेस, दुकानाच्या पायरीवर, भर दुपारी, मी गादीचे विचारायला आले तेव्हा. तुझी वाक्ये मला तोंडपाठ आहेत. पहिली येणाऱ्या मुलींना हा शाप असतो. “जागा नव्हती गं. आणि ‘कमी होते’ म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, किती कमी? ‘उरत नाही’ म्हटलं की विचारतच नाही.” मी गप्प राहिले. ते तुला समजूतदारपणाचे वाटले असावे, कारण तू पुढे म्हणालास, “सगळे जुने कागद उचलले मी. तुमच्या घरचासुद्धा. कुणाला काही कळलं नाही. आपलं नाव वाचलं.” ‘आपलं’ म्हणालास. त्या एका शब्दात तू मला सून करून घेतलेस, भागीदारही करून घेतलेस, आणि माझ्या आईला बाहेर ठेवलेस. वाक्य सुटसुटीत झाले होते, हे मी मान्य करते. मी निबंधाला गुण देत असते तर तुझ्या वाक्याला माझ्याहून अधिक दिले असते.

संध्याकाळी मी आईला सांगितले. नीट, क्रमाने, घाई न करता. तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याच डोक्यावरून हात फिरवला. “कशाला त्या बिचाऱ्याच्या माथी मारतेस? मला बरं वाटावं म्हणून ना? छापलेलं कसं बदलेल गं? मीच घाईत वाचलं असेल. माझं वाचणं म्हणजे काय, उसनं.” मी शपथ घेतली. ती म्हणाली, “शपथा घेऊ नकोस, बाबा आजारी आहेत.” बाबांना विचारले, तर ते फरशीकडे पाहत म्हणाले, “मला काय विचारतेस, मी तर पाठीवर होतो, कागद कुठला दिसणार? पण तुझी आई अक्षराला चुकणारी नव्हे.” हे तिला ऐकू गेले, पण नवऱ्याची साक्ष बायका पुराव्यात धरीत नाहीत. तुझे उचललेले कागद कुठे आहेत ते मी विचारणार नाही. कागद दाखवला तरी ती म्हणेल, हा दुसऱ्या कुणाचा असेल.

तेव्हापासून माझी आई वाचत नाही. औषधाची पट्टी हातात घेते आणि माझ्याकडे देते. इस्पितळात पाट्या असतात. ती त्या पाहतच नाही, दिसेल त्याला वाट विचारते. सिस्टरनी वळवण्याच्या वेळा लिहून दिल्या, तर म्हणाली, “माझ्याकडे नका देऊ बाई, मी अडाणी आहे. लेकीला द्या.” हा शब्द तिने माझ्या आठवणीत स्वतःसाठी कधी वापरला नव्हता, लोकांनी वापरला तेव्हा ती समोरची पाटी मोठ्याने वाचून दाखवी. बसमध्ये ती माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसते आणि तिचे ओठ हलत नाहीत.

आता मी हे पत्र का लिहिले ते. पुस्तिका परत पाठवते आहे. तिचे मराठी मी करणार नाही. तुझ्या मावशींना कळव की माझा नकार आहे, आणि तो कशावरही अवलंबून नाही, म्हणजे पुढे जे मागते ते केल्याने तो मागे घेतला जाईल अशी आशा धरू नकोस. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. त्यानंतर बाबांना पुन्हा हवेच्या गादीवर ठेवतील, दुसऱ्या दुकानातून आणलेल्या, आणि त्यांना वळवणारी बाई आईच असेल, कारण त्यांचे शरीर तिच्याइतके कोणाला कळत नाही. तिचा स्वतःवर विश्वास नसून चालणार नाही. मी सांगितलेले ती मानत नाही; तुझे मानेल, कारण तिच्या लेखी तू अजून सख्ख्या मुलासारखा आहेस. म्हणून तू ये. मी वाचनालयात असेन, माझी गाठ पडणार नाही. काहीही मिळणार नाही हे माहीत असूनही ये. बाबांसमोर, सिस्टरसमोर, तिच्यासमोर उभा राहा. जागा नव्हती, गिऱ्हाईक, धावपळ, यातले काही सांगू नकोस; तुझे बोलणे गोड आहे आणि ती लगेच तुलाच धीर देऊ लागेल. एवढेच म्हण: “काकू, तुम्ही बरोबर वाचलं होतं. मी चुकीचं छापलं, आणि मग ते लपवलं.” हा मजकूर मी तुझ्यासाठी शेवटचा लिहून देते आहे. यातला एकही शब्द बदलू नकोस.

आता केवळ तिचीच,
शब्दकोश